सबुरी : दोन पैशांपैकी एक

मराठी वृत्तपत्रांत ‘सबुरीचा सल्ला’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, तो वाचताना शिर्डी आठवतेच असे नाही. उमेदवारीसाठी अडून बसलेले कार्यकर्ते किंवा वेतनवाढ मागणारे कर्मचारी यांना वरून जे सांगितले जाते ते या मथळ्याखाली येते आणि तेथे सबुरीचा अर्थ ‘तूर्त मागू नका’ एवढाच उरतो. हा सल्ला समर्थाकडून गरजूकडे जातो. उलट दिशेने गेलेला क्वचितच छापून येतो.

शब्दाचे कूळ मात्र वेगळेच सांगते. अरबी ‘सब्र’ म्हणजे स्वतःला आवरून धरणे, त्यावरून ‘सबूर’ म्हणजे सहनशील आणि त्याला फार्सी प्रत्यय लागून ‘सबुरी’. इस्लामी परंपरेत ईश्वराच्या नव्याण्णव नावांची जी प्रचलित यादी आहे, तिच्यात ‘अस्-सबूर’ हे अखेरचे नाव असून, शिक्षा करण्याचे सामर्थ्य असूनही जो घाई करीत नाही तो, असा त्याचा अर्थ लावला जातो. वेदान्तातील तितिक्षा, म्हणजे दुःख तक्रार न करता सोसण्याची वृत्ती, हिच्याशी सबुरीचे नाते जोडता येते; पण तितिक्षा ही साधकाची संपत्ती आहे, सबुरी मात्र आधी मालकाचा गुण आहे आणि मग सेवकाचा.

ज्यांच्यामुळे हा शब्द शिर्डीशी जोडला गेला त्या साईबाबांच्या निर्वाणानंतर (१५ ऑक्टोबर १९१८) पाच वर्षांनी, १९२३ मध्ये, ‘श्रीसाईलीला’ हे नियतकालिक निघाले आणि गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांचे ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरित’ वाचकांपुढे येऊ लागले. त्याच दशकात सावरकर भाषाशुद्धीच्या नावाने अरबी-फार्सी शब्दांना मराठीतून निरोप देऊ पाहत होते, हा योगायोग लक्षणीय आहे. दाभोळकरांना ‘धीर’ हा शब्द सहज वापरता आला असता. त्यांनी सबुरीच ठेवली आणि तिचा अर्थ धैर्याशी, पौरुषाशी जोडला. शिर्डीतल्या मशिदीला जेथे द्वारकामाई म्हणतात, तेथे तो शब्द परका वाटण्याचे कारणही नव्हते.

या ग्रंथाच्या अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांतील कथेत राधाबाई देशमुख नावाच्या वृद्धा गुरुमंत्रासाठी अन्नपाणी सोडून तीन दिवस हटून बसतात. हे एका अर्थाने धरणेच होते; जुन्या काळी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसून वसुली करी, त्यातलाच हा प्रकार. बाबांचे भक्त माधवराव देशपांडे मध्यस्थी करतात, तेव्हा बाबा आपल्या गुरूची हकीकत सांगतात : बारा वर्षे सेवा घडली, गुरूने कानात मंत्र फुंकला नाही, मागितले ते दोनच पैसे, एक निष्ठा आणि दुसरा सबुरी. (आज सर्वतोमुखी असलेल्या जोडीतला ‘श्रद्धा’ हा शब्द या दोन पैशांत नाही.) उपाशी बसणे हेही थांबणेच, पण ते समोरच्याला कोंडीत पकडण्यासाठी केलेले थांबणे असते, सबुरीचा पैसा एकदा दिला की तो देणाऱ्याच्या हाती हत्यार म्हणून उरत नाही. शिवाय गुरूने तो मागितला तेव्हा स्वतःही काही रोखून धरले नव्हते. कासवी पैलतीरावरून केवळ दृष्टीने पिलांना पोसते, तसे त्याने शिष्याला पोसले, असे बाबा सांगतात. वृत्तपत्री मथळ्यातल्या सबुरीत ही दृष्टी नसते, म्हणून तो शब्दाचा गैरवापर ठरतो.

राधाबाईंनी उपास सोडला. मंत्र त्यांना मिळाला नाही.