धागा एकच, हातमोजा खरा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पत्रा हाताळताना कामगार जो पांढरा सुती हातमोजा घालतो, तो मागावर विणलेला नसतो. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे वेगवेगळे धागे एकमेकांना आडवे-उभे छेदतात. हातमोज्यात मात्र, मनगटाचं इलॅस्टिक आणि कडेचं ओव्हरलॉक सोडलं, तर धागा स्वतःच्याच आधीच्या टाक्यातून नवा टाका काढत पुढे सरकतो. दोन-चार पदर एकत्र चालवले तरी ते एका धाग्यासारखेच जातात. पत्र्याच्या धारदार कडेने एक टाका कापला आणि टोक ओढलं, की टाक्यामागून टाका सुटत जातो आणि शेवटी हातात उरतो तो फक्त धागा. इजिप्तमधल्या मध्ययुगीन सुती मोज्यांपासून विल्यम लीच्या 1589 च्या मोजे विणण्याच्या यंत्रापर्यंत आणि आजच्या स्वयंचलित यंत्रांपर्यंत हे तत्त्व बदललेलं नाही. मग प्रश्न असा, की हातमोजा म्हणून काही वेगळं होतं का, की धागाच तेवढा खरा?

आपल्या दर्शनांनी हा वाद कापड आणि धाग्यांच्या उदाहरणावरच घातला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते कापड हे नवं द्रव्य. धागे त्याचं समवायी कारण, म्हणजे ज्यांत ते कापड राहतं ते, आणि धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, म्हणजे त्या धाग्यांत राहून कापड घडवणारं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त विद्यार्थी हे पहिल्यांदा शिकतो. पण संयोगाला निदान दोन द्रव्यं लागतात आणि इथे धागा एकच आहे. नैयायिक म्हणेल, धाग्याचे अंश अनेक आहेत, ते एकमेकांत अडकतात. हे उत्तर हुशारीचं आहे, पण मग तेच अंश एकाच वेळी धाग्याचेही अवयव आणि हातमोज्याचेही अवयव ठरतात, आणि एकाच जागी दोन स्वतंत्र द्रव्यं मानावी लागतात. नवं द्रव्य आलं तर वजन का वाढत नाही, हा जुना आक्षेपही उरतोच. उलट शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांगतात, की विशिष्ट रीतीने रचलेल्या धाग्यांपलीकडे कापड म्हणून काही दिसतच नाही. उसवलेला हातमोजा त्यांच्या बाजूने साक्ष देतो असं वाटतं.

माझ्या मते ही साक्ष अर्धीच आहे. सरळ सुती धागा ताणून पाहावा, तो फारसा लांबत नाही. हातमोजा मात्र बोटांवर ताणून बसतो आणि मूठ मिटताना वाकतो. हा ताण धाग्यातून आलेला नाही, तो टाक्यांतून आला आहे. टाके ओढले की आकार बदलतात आणि सोडले की बरेचसे मूळ जागी येतात. जे रूप हाताला पत्र्यापासून वाचवतं, त्याला केवळ नाव म्हणून बाजूला सारता येत नाही. वेदान्ती म्हणेल, हे सामर्थ्यही धाग्यातच सुप्त होतं. असेल, पण ते धाग्यात होतं याचा अर्थ एवढाच, की त्याचे टाके होऊ शकत होते. म्हणजे टाक्याचं खरेपण मान्य केल्याशिवाय हा युक्तिवादही उभा राहत नाही. जुना स्वेटर उसवल्यावर लोकरीत टाक्यांचा बाक राहतो. ती लडी धुऊन, वजन लावून वाळवावी लागते. रूप मोडल्यावरही त्याची खूण धाग्यावर असते.

तिसरी वाट याच पट्ट्यातली आहे. ज्ञानेश्वरांची आळंदी भोसरी आणि चाकण यांच्या मधे येते. त्यांनी ‘चांगदेव पासष्टी’त मांडलं, की सोन्याचा दागिना होताना सोन्याचं सोनेपण उणं होत नाही. द्रव्य एकच, तरी रूप खोटं नाही. जग हा त्या एकाचाच विलास. यावर गंभीर आक्षेप असा, की रूपाला एवढं खरं मानलं तर माणूस संसारातच गुंतून राहील आणि मोक्षाची ओढ मंदावेल. पण आसक्ती रूप खरं मानल्याने येत नाही. रूप आपलं एकट्याचं आहे आणि ते धाग्यावाचून टिकेल असं मानल्याने ती येते. वारकरी परंपरेने संसार टाकायला सांगितलं नाही, ते याच समजुतीवर. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा शिफ्ट संपवून दर्शनाला गेलेल्या माणसाला आपलं कारखान्यातलं काम आणि घरची माणसं माया ठरवावी लागत नाहीत.