आत्मकथा आणि अहंता

पन्नाशी ओलांडली की माणूस मागे वळून पाहू लागतो. आम्हांसही ती लहर आली. कोंढ्यास आमच्या ओसरीवर बसून आम्ही कोरी वही उघडली व आत्मकथा आरंभिली. तोच शंका उभी राहिली. ज्याने जन्मभर कीर्तनात ‘मीपण टाका’ म्हणून सांगितले, त्याने पानोपानी ‘मी’ लिहावा काय?

पूर्वपक्ष असा की, आत्मकथा म्हणजे अहंतेला खतपाणी. वारकऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. पण याचे उत्तर आपल्या संप्रदायातच आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (इ. स. १६२८ ते १७००) यांनी आपले चरित्र आपल्याच अभंगांत सांगितले. कोल्हापुरातील वासराचा लळा, पतीने केलेली मारहाण, पुढे त्याच पतीचे पालटलेले मन, काही म्हणून झाकले नाही. तेथे ‘मी’ आहे, पण तो मिरवत नाही; साक्ष देतो.

दुसरे उदाहरण वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे यांचे. घरचे कर्ज फिटावे म्हणून ते १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. घरी आणली ती गंगेची कावड, आणि तिने आईबापांस स्नान घातले. हे त्यांनी लिहिले १८८३ साली, पन्नाशी उलटल्यावर. ‘माझा प्रवास’ छापून निघाले १९०७ साली. आपली भीती आणि आपली नागवण त्यांनी त्यात सरळ सांगितली आहे.

एवढे ठाऊक असूनही आमची वही बिघडलीच. वाऱ्या किती झाल्या, शाली-नारळ किती मिळाले, याचीच पाने भरली. एके रात्री ती आम्ही घरच्या मंडळींस वाचून दाखविली. ती ऐकून म्हणाली, “सारं बेस लिवलं जी. पण रोवणी कोनं केली, थे कुठी आहे?”

आमच्या झाडीपट्टीत आषाढी वारी आणि धानाची रोवणी बहुधा एकदमच येतात. आम्ही पंढरीच्या वाटेवर टाळ वाजवीत असू, तेव्हा ही बांधीच्या चिखलात वाकलेली असे. वारीचे पुण्य आम्ही आपल्या नावे मांडले, आणि तिचे नाव एका पानावरही नव्हते!

तेव्हा सिद्धांत असा: आत्मकथा अवश्य लिहावी, पण ऋणाचे खाते म्हणून लिहावी. आणि फार उशीर करू नये. आईबाप, गुरू गेले. त्यांस वाचून दाखविणे आता घडणार नाही. ज्यांचे देणे आहे ती माणसे समोर आहेत, तोवरच कबुली द्यावी.

ती पाने आम्ही फाडली. आज पासष्टी उलटली, वही अजून चालूच आहे. संध्याकाळी हरिपाठ झाला की एक पान वाचतो. ती ऐकते, चुकले तर थांबविते. रामकृष्णहरी.