दृष्ट लागेल म्हणून

गवार मोडता मोडता मी सहज बोलून गेले, "आई, सध्या घरात सगळं छान चाललंय, नाही?"

सासूबाईंचा हात थांबला. "असं मोठ्यानं बोलू नये गं."

"म्हणजे आभारसुद्धा चोरून मानायचे? आणि तुम्ही रोज दिवा लावता ते खरंच आभार, की हे असंच राहू दे म्हणून भरलेला विम्याचा हप्ता?"

"थोडा हप्ता असतोच. नाही कशाला म्हणू? कुंतीसारखी संकटं मागायची माझी छाती नाही."

भागवतातली ही कुंती कीर्तनात ऐकताना सगळे माना डोलावतात. कृष्ण द्वारकेला निघाला तेव्हा तिनं विपत्तीच मागितल्या, कारण विपत्तीत त्याचं दर्शन घडतं. मला मात्र वाटतं, हे मागणं युद्ध जिंकून राज्य हाती आल्यानंतरचं आहे, हे कुणी बोलत नाही.

"पण तुकोबा? दिवाळं निघालं, दुष्काळानं पिडलं, ते बरंच झालं म्हणाले. म्हणजे श्रद्धा संकटातूनच येते ना?"

"देहूच्या त्या घरात विठोबा पिढ्यान्‌पिढ्या होता. पंढरीची वारी होती. दुष्काळानं नवा देव आणला नाही."

"विठोबा घरात होता, तरी १६३०च्या त्या दुष्काळात तुकोबांची बायको रखमाबाई अन्नावाचून गेलीच. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं?"

आई बराच वेळ नुसत्या शिरा काढत राहिल्या.

"नसती म्हणाली," त्या म्हणाल्या. "दिव्यानं काही टळत नाही. टळतं म्हटलं, तर ज्यांच्यावर वेळ आली त्यांचंच काही चुकलं असं होईल. माझ्या आईनं कधी दिवा चुकवला नाही. वडील ऐन उमेदीत गेले. मग वर्षभर ती देवघराकडे फिरकली नाही. आजी लावायची. आईला एका शब्दानं बोलली नाही."

"मग त्या आधीच्या दिव्यांचा उपयोग काय झाला?"

"वडील आमटीचे भुरके मारायचे. आई रोज करवादायची, माणसांत बसल्यासारखं जेवा म्हणून. पुढे एकदा मला म्हणाली, दिवा लावला गं, पण ज्याच्यासाठी लावत होते तो समोर भुरके मारत बसलाय, हे मेलं कधी ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून मी वात पेटवताना मागत काही नाही. कोण घरी आलं, कोण यायचंय, तेवढी नावं घेते. तुझंही घेते."

मी आल्यापासून माझं नाव तिथे घेतलं जातंय, हे मला ठाऊक नव्हतं. तरी वाद सोडवेना.

"आणि त्यातलं एखादं नाव कमी झालं तर? लावाल दिवा?"

"काय सांगू? आईसारखी पाठ फिरवीन, नाहीतर आजीसारखी लावीन. आत्ताच कबूल करून ठेवलं, तर तोही हप्ताच झाला की. त्या जून शेंगा बाजूला काढ, शिजायच्या नाहीत."