‘पालक सहकार्य करत नाहीत’

उभी राहा आणि तू लिहिलेलं मोठ्यानं वाच. “पालक सहकार्य करत नाहीत. दोन गृहभेटी दिल्या, दोन्ही वेळा आई घरी नव्हती. व्यायाम होत नाहीत.” तारीख का गाळलीस? तीही वाच. जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे अकरा.

जुलैत सकाळी अकरा वाजता वडिवळ्यात कुठली बाई घरात बसलेली असते गं? नाणे मावळात तेव्हा चिखलणी झालेली असते, रोपं उपटून ठेवलेली असतात. डोक्यावर पाऊस आणि पायाखाली चिखल, अशात बाया ओणव्या होऊन भात लावत असतात. ते आठ-दहा दिवस चुकले तर वर्षाचा इंद्रायणी भात गेला. धरणाच्या कडेनं जाताना तुला दोन्ही बाजूंची खाचरं दिसली असतील. त्यातल्याच एकात ती आई होती. बांधावर जाऊन हाक मारली असतीस तर भेट झाली असती. तू ती घरी नाही एवढंच पाहिलंस, शिक्का मारलास आणि कामशेतहून परतीची लोकल पकडलीस.

अंगणवाडीत बसून काम करतेस, तर तो शब्द कुठून आला हे तरी विसरू नकोस. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. म्हणून त्या दोघींनी “पालक उदासीन” असा शेरा मारला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागं जात होती, तर कुरणात शाळा भरवली. लोकांच्या कामाची वेळ हीच शिकवण्याची वेळ, हे त्या बायकांना ऐंशी वर्षांपूर्वी कळलं होतं. तुला पदविका घेऊन कळत नाही?

आता त्या मुलाकडे येऊ. अडीच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, एकमेकांवर कात्रीसारखे येतात, मान अजून पुरती धरत नाही. त्याला किती जण पाहतात ते मोजलंस? तपासणी पथकानं चिठ्ठी दिली, फिजिओताईंनी व्यायामांचा तक्ता दिला, वाचातज्ज्ञांनी भरवण्याच्या सूचना दिल्या. अंगणवाडी सेविका वजन लिहिते आणि तू तुझी फाइल भरतेस. पाच जणांचे पाच कागद, आणि पाचही जणांनी एकमेकांना एकदाही फोन केलेला नाही. हे सगळे कागद एकत्र कुठं आहेत, माहीत आहे? साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आहे त्या घरात, कोनाड्यात ठेवलेली. पावसात भिजू नये म्हणून दुहेरी गाठ मारलेली. ती पिशवी घेऊन, पोराला कडेवर मारून, खाडा करून ती बाई लोकलनं आणि पुढं बसनं जिल्हा रुग्णालयापर्यंत जाते. पूर्ण मूल फक्त तिनं पाहिलंय. आपल्यापैकी प्रत्येकानं एकेक तुकडा पाहिला. आणि सहकार्य करत नाही ती?

फिजिओताई म्हणाल्या, पाय फाकलेले राहू द्या. तू सांगून आलीस, “सारखं कडेवर घेऊ नका, सवय लागेल.” अगं, कडेवर बसवलं की दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना जातात. मांड्या उघडतात, पाठ सरळ धरावी लागते, मान वर करून जग बघावंसं वाटतं. हाच तो व्यायाम! पाठीला हाताचा आधार हवा आणि बाजू बदलत राहायची, एवढं सांगितलं की झालं. आजी रोज पाय पसरून, त्यावर नातवाला घेऊन तेल लावून न्हाऊ घालते. ताठरलेले पाय हळूहळू मोकळे करायला याहून चांगली वेळ कुठली? ती वीस मिनिटं त्या तक्त्यात नाहीत. तक्ता इंग्रजीत आहे, त्यात गादी आहे, मोठा चेंडू आहे. त्या घरात यातलं काय आहे?

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. सहकार्य म्हणजे घरचे म्हणतील त्याला मान डोलावणं नव्हे. आजी त्याला मांडीवर आडवा घेऊन पेज पाजते. ते थांबलंच पाहिजे. आडव्या मुलाच्या घशातून पेज श्वासनलिकेत जाते, छाती भरते, आणि अशा मुलाला न्यूमोनिया परवडत नाही. हे तू स्पष्ट सांगायला हवं होतंस. बसवून, मान किंचित पुढं झुकवून, मऊ भात चमच्यानं कसा भरवायचा, हे आजीच्या हातात चमचा देऊन दाखवायला हवं होतंस. तिथं तू गप्प बसलीस. आणि म्हातारी त्याला घेऊन कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढली म्हणून मात्र तोंड वाकडं केलंस! जी बाई त्या वयात एवढं पोर उचलून तो डोंगर चढली, ती तुझी सगळ्यात खात्रीची माणूस आहे. तिला हाताशी धर. बाप कंपनीतून रात्री येतो. त्यालाही रविवारी बसवून सांग, की मूल एकट्या आईचं नाही.

व्यवस्था नाही असं म्हणू नकोस. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकानं प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायची आहेत आणि पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती आली. अमेरिकेनं १९८६ च्या कायद्यातच ठरवलं, की तीन वर्षांखालच्या मुलाचा आराखडा एकट्या मुलाचा नसेल, कुटुंबाचा असेल आणि कुटुंबाबरोबर बसून होईल. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून लिहिलाय. त्याआधीची वर्षं, म्हणजे मेंदू सगळ्यात जास्त शिकतो ती वर्षं, घर आणि अंगणवाडी यांच्या भरवशावर आहेत. म्हणजे आजी, आई, सेविका आणि तुझ्या भरवशावर. सेविकेला तू चहा आणि नोंदवही यापलीकडे काही विचारत नाहीस, हेही माझ्या कानावर आलंय. ती त्या गावातली आहे. कुठल्या घरी कधी गेलं म्हणजे माणूस भेटतं, हे तिला तोंडपाठ आहे.

मी परवा गेले होते. संध्याकाळी सातला, सेविकेला सोबत घेऊन. आई हातपाय धुऊन नुकतीच चुलीपाशी बसली होती. मी फक्त विचारलं, “बाई, तुमच्या ध्यानात काय आलंय याच्याबद्दल?” ती म्हणाली, “डावीकडून काही दाखवलं तर बघत नाही बाई. उजवीकडून दाखवलं की हसतो.” पाच कागद उलटेपालटे करून पाहिले मी. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. अशा मुलांमध्ये नजरेचा दोष वारंवार आढळतो, हे तुला शिकवलंय, मीच शिकवलंय. तिला मात्र कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं ते हेरलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून बोलली नाही.

बस खाली. तो शेरा खोड आणि त्याखाली तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही. आज दुपारी फिजिओताईंना आणि वाचातज्ज्ञांना फोन लाव, मी शेजारी बसते. एक पान मराठीत तयार करायचं, पाच जणांचं मिळून एकच, आणि ते त्या पिशवीत सगळ्यात वर राहील. रुग्णालयात जायचा दिवस तिला विचारून ठरव आणि त्या दिवशी तू तिच्याबरोबर जा. लावणी आटोपायची वाट बघू नकोस. डोळ्यांची तपासणी या महिन्यात झाली पाहिजे.