ताठ की स्थिर?

"संगणक पुरेसा वेगवान असला, की अवकाशातली कुठलीही थरथर दाबून टाकता येते," असं एका तरुण अभियंत्यानं परवा ठामपणे सांगितलं. ते वाक्य मनात सलत राहिलं आहे.

अवकाशात वारा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग झोके शमवणारी हवाही नाही. एकदा सुरू झालेला झोका तिथे बराच वेळ चालतो.

ताठपणा आणि स्थिरता या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या ठेवतो. 1958 साली सोडलेला एक्सप्लोरर-1 हा अमेरिकेचा लांबट उपग्रह आपल्या लांब अक्षाभोवती फिरत राहील अशी अपेक्षा होती. त्याच्या चार लवचिक अँटेना वाकत राहिल्या आणि फिरण्यातली ऊर्जा त्या वाकण्यात जिरत गेली. कोनीय संवेग मात्र तेवढाच राहिला. कमी ऊर्जेत तेवढाच संवेग आडव्या फिरण्यातच टिकतो; परिणामी, बाहेरून कुणी धक्का दिला नसतानाही उपग्रह कोलांट्या घेऊ लागला.

हबल दुर्बिणीचंही तसंच. सावलीतून उन्हात किंवा उन्हातून सावलीत जाताना तिच्या सौरपंखांच्या दांड्या असमान तापमानामुळे वाकत, आणि दुर्बीण थरथरे. 1993 मध्ये पंख बदलले. 2002 मध्ये लहान, ताठ पंख आले आणि वीजही जास्त मिळू लागली.

संगणकाचा वेग इथे पुरत नाही. थरथर दाबणाऱ्या नियंत्रकाचं गणित मोजक्या कंपनप्रकारांवर बेतलेलं असतं. खऱ्या पंखात ते असंख्य असतात. एक झोका दाबायला दिलेला रेटा गणितातून गाळलेल्या कंपनांना जागवतो, संवेदक तीच कंपनं पुन्हा नियंत्रकाला कळवतो, आणि झोका वाढूही शकतो. नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक मार्क बालास यांनी 1978 मध्येच हा धोका गणितानं मांडला होता.

मग सगळंच ताठ करा, असं म्हणायला मी निघालो होतो. पण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची लांबी 109 मीटर आहे. तेवढा पसारा हबलच्या पंखांसारखा ताठ करायचा तर वजन कोणतं रॉकेट उचलणार? लवचिकता स्वीकारावीच लागते, आणि नियंत्रणही. म्हणून तर तिथलं धावण्याचं यंत्रसुद्धा त्याचे हादरे सांगाड्यात उतरू नयेत अशा आधारांवर बसवलेलं आहे. आधी हादरा अडवायचा, मग रचनेतच अवमंदन, म्हणजे झोके शमवण्याची सोय, ठेवायचं, आणि उरलेलं काम नियंत्रकाकडे द्यायचं.

तरुण अभियंत्यांना माझी एवढीच विनंती आहे: संगणक निवडण्यापूर्वी, गणितातून कोणती कंपनं गाळली त्यांची यादी करा.