मागच्या पायरीवरून

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी लोरेलाय नावाचा उंच कडा आहे. त्याच्या माथ्यावरच्या खुल्या रंगमंचावर २००६ पासून अनेक उन्हाळे प्रोग्रेसिव्ह रॉकचा महोत्सव रंगला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर नजर टाकावी तर पांढऱ्या केसांची दाटी. कुणाच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी, कुणी बसायला उशी आणलेली. टी-शर्ट मात्र विशीत आवडलेल्या बँडचा, पोटावर ताणलेला.

हे संगीत घाईचं नव्हेच. 'येस' या बँडच्या १९७२ च्या 'क्लोज टू दि एज' या रचनेने तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली होती, जवळजवळ एकोणीस मिनिटं. विलंबित ख्यालाला बसणाऱ्या आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटायचं नाही. विशीत पुढे घुसून गिटार नुसती पाहिली जाते. साठीत मागे बसून ती ऐकू येते. (उभं राहवत नाही, हेही खरंच!)

वादकही त्याच पिढीचे. 'जेनेसिस' या बँडमध्ये गिटार वाजवणारे स्टीव्ह हॅकेट १९५० चे. सत्तरी ओलांडूनही ते त्या जुन्या रचना रंगमंचावर वाजवत राहिले.

तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल. आज ती खाली काढा, आणि एक बाजू न उठता ऐका.