टोगोचा हट्ट

अलास्कातल्या नोम गावी कुत्र्यांच्या स्लेज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या, हाकणारे लेनर्ड सेप्पाला यांच्याकडे सायबेरियन हस्की जातीचं एक पिल्लू होतं, टोगो. लहानखुरं, आजारी आणि कमालीचं खोडकर. वैतागून त्यांनी ते एका घरी देऊन टाकलं. पठ्ठ्यानं बंद खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि मैलोन्‌मैल धावत परत घर गाठलं. बांधलं तर सुटायचं, धावत्या स्लेजच्या कुत्र्यांमध्ये तडमडायचं. शेवटी त्याला आवरायला म्हणून सेप्पालांनी त्यालाच स्लेजला जुंपलं, आणि टोगो एकदम शांत झाला. त्याला काम हवं होतं!

पुढे १९२५च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. स्लेजच्या २० चालकांनी हातोहात औषध पोचवलं. त्यातला सर्वांत लांबचा पल्ला, नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावरून, सेप्पालांच्या स्लेजच्या पुढे धावत टोगोनं पार केला. तेव्हा तो १२ वर्षांच्या घरात होता. पुतळा मात्र न्यूयॉर्कमध्ये आधी शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा उभा राहिला. मला ते आजही खटकतं.

आज टोगोच्या जातीचे हस्की पुण्या-मुंबईतही दिसतात. केसांच्या दुहेरी थराचं हे कुत्रं आपल्या उन्हात धापा टाकतं, हाक मारली तरी मनात असेल तरच वळतं, कंटाळलं की सोफा फाडतं. पण त्याच्याबरोबर रोज मनसोक्त पळणाऱ्याच्या पायाशी तेच अंग टाकून निवांत झोपतं. तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरात एवढं ठरवाच: उन्हं चढण्यापूर्वी त्याला पळवायला रोज कोण उठणार?